बिदून रसीद : एका रेड नोटिशीला दिलेल्या आव्हानाची हकिकत

जानेवारी २०२३ मध्ये एका परदेशी विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट यंत्रावर ठेवला, समोरच्या पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि मला रांगेतून बाजूला उभे राहायला सांगितले. पुण्याच्या ज्या कंपनीत मी तेव्हा नुकताच लागलो होतो, तिच्या वतीने एका यंत्राच्या उभारणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी आम्ही दोघे गेलो होतो. सहकारी पुढे गेला आणि मी मागे राहिलो. पुढचे चौदा तास मी खिडकी नसलेल्या एका खोलीत काढले. रात्री उशिरा एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, की संयुक्त अरब अमिरातीच्या विनंतीवरून इंटरपोलच्या यंत्रणेत तुमचे नाव आहे, आरोप फसवणुकीचा आहे, आम्ही तुम्हाला प्रवेश देऊ शकत नाही आणि येथे ठेवूनही घेणार नाही. दुसऱ्या दिवशी मला मुंबईच्या विमानात बसवण्यात आले. मुंबईत दोन तास चौकशी झाली, जबाब लिहून घेतला गेला, पत्ता व फोन नंबर घेतला गेला आणि मला सोडण्यात आले. लातूर एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा माझे हात थरथरले. आपण नेमक्या कोणत्या गोष्टीला सामोरे जात आहोत हे मला कळत नव्हते आणि ज्याला विचारावे असा माणूसही ओळखीत नव्हता. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ जे करावे लागले ते म्हणूनच क्रमाने लिहीत आहे.

मागची बाजू आधी सांगतो. मी औसा तालुक्यातला. १९९३ च्या भूकंपानंतर ज्या गावांचे पुनर्वसन झाले, त्यांपैकी एका गावात आमचे घर आणि चार एकर कोरडवाहू शेत आहे. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून २०१४ साली मी अमिरातीतील शारजाला सुपरवायझर म्हणून गेलो आणि २०१७ मध्ये दोन भागीदारांसह इमारतींच्या वायरिंगची छोटी उपकंत्राटे घेऊ लागलो. तिकडे केबल, पाइप, स्विचगिअर असा माल उधारीवर घ्यायचा तर व्यापारी हमीचा चेक मागतो. मी सही करून रकमेची आणि तारखेची जागा कोरी ठेवलेला चेक एका पुरवठादाराला दिला होता. आपल्याकडे बी-बियाण्याच्या दुकानात किंवा पतसंस्थेत असे कोरे चेक सर्रास दिले जातात, त्यामुळे त्यात मला वावगे वाटले नाही. ती माझी चूक होती. २०१९ च्या पावसाळ्यात मुख्य कंत्राटदाराने आमची बिले थकवली आणि ऑगस्टमध्ये आमचा धंदा बसला. ऑक्टोबरमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मी गावी परतलो. त्या दिवशी माझ्यावर कोणतीही तक्रार नव्हती आणि विमानतळावर कोणी अडवलेही नाही. त्या पुरवठादाराचे एक लाख अठरा हजार दिरहम देणे होते. त्यापैकी सेहेचाळीस हजार मी मार्च २०२० पर्यंत हप्त्यांनी फेडले आणि त्याच्या पोचा मोबाइलवरच्या संदेशांत आहेत. मग टाळेबंदी आली, काम थांबले, हप्ते थांबले आणि माझा तिकडचा नंबरही बंद झाला. जून २०२० मध्ये त्या कोऱ्या चेकवर पूर्ण एक लाख अठरा हजार लिहून तो बँकेत टाकला गेला. तो वटला नाही. पोलिसांत तक्रार झाली. हे सारे मला कळले ते अडीच वर्षांनी, त्या खोलीत.

त्या विमानतळावरून मी परतल्यानंतर पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यातून एक जमादार घरी आले. पासपोर्टवर जुन्या गावठाणाचा पत्ता आणि आधारवर पुनर्वसित गावाचा घर क्रमांक असल्यामुळे ते आधी जुन्या गावच्या पडक्या जागेवर जाऊन आले होते. दारात त्यांना पाहून आईने घाबरून भिंतीचा आधार घेतला, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, धरून न्यायला नाही आलाव, पत्ता बघायला आलाव." त्यांनी पंचनाम्यासारखा एक कागद लिहिला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि चहा घेऊन गेले. त्यांचे वागणे चांगले होते हे मी मुद्दाम नोंदवतो. परंतु संध्याकाळपर्यंत 'दुबईच्या केसमध्ये पोलीस आले होते' ही वार्ता गावभर झाली, आणि धाकट्या बहिणीसाठी निलंग्याहून आलेल्या स्थळाने महिनाभरात नकार कळवला. नोटिशीचे कायदेशीर परिणाम पुढे सांगणारच आहे. हा परिणाम मात्र कोणत्याही आदेशाने मागे घेता आला नाही.

लातूरच्या पहिल्या वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितले, की भारतात गुन्हा क्रमांक नाही, कोर्ट नाही, कलम नाही, मग मी कशाला आव्हान देऊ? त्यानंतर मुंबईतला एक मध्यस्थ भेटला. दिल्लीत ओळख आहे, तीन महिन्यांत नाव काढून देतो, असे तो म्हणाला. मी दीड लाख रुपये दिले आणि एप्रिलमध्ये त्याचा फोन लागेनासा झाला. आता कळते, की इंटरपोलच्या आयोगाकडे अर्ज करायला एक पैसाही शुल्क लागत नाही. वकिलाची फी, भाषांतर आणि कागदांचे प्रमाणीकरण यांचा खर्च मात्र होतो. 'नाव काढून देतो' अशी हमी देणाऱ्याला कोणी दारात उभे करू नये असे मला कळकळीने वाटते, कारण संकटातल्या घराला तो आणखी एका कर्जात ढकलतो.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला, औरंगाबाद खंडपीठात काम करणाऱ्या एका वकील मॅडमकडे मी पोहोचलो. त्यांनी पहिल्या भेटीत माझी हकिकत फार ऐकलीच नाही. त्यांनी मला आधी रेड नोटीस म्हणजे काय ते समजावले, आणि माझी निम्मी भीती त्या दुपारी कमी झाली. इंटरपोल हे १९२३ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेले आणि आज फ्रान्समधील लियाँ येथे मुख्यालय असलेले पोलिसांच्या सहकार्याचे संघटन आहे. १९६ देश त्याचे सदस्य आहेत. त्याचे स्वतःचे शिपाई कोणाला अटक करीत फिरत नाहीत. एखाद्या देशातील सक्षम अधिकाऱ्याने काढलेले अटक वॉरंट असेल, तर तो देश आपल्या राष्ट्रीय केंद्रीय ब्यूरोमार्फत लियाँला विनंती करतो. ती मान्य झाली, की इतर देशांना कळवले जाते : ही व्यक्ती शोधा आणि प्रत्यार्पणाच्या कारवाईसाठी तिला तात्पुरती ताब्यात घ्या. ही विनंती आहे. आंतरराष्ट्रीय वॉरंट अशी वस्तू अस्तित्वात नाही, आणि नोटिशीला कायद्याचे किती वजन द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. बहुतेक रेड नोटिसा सार्वजनिक संकेतस्थळावर दिसतही नाहीत, फक्त पोलीस आणि सीमेवरच्या यंत्रणांना दिसतात. त्यामुळे मी घरी बसून इंटरपोलच्या संकेतस्थळावर माझे नाव शोधले आणि सापडले नाही म्हणून समाधान मानले, त्याला काही अर्थ नव्हता.

भारतापुरते सांगायचे तर, आपला राष्ट्रीय केंद्रीय ब्यूरो म्हणजे दिल्लीतील सीबीआय. आपल्या कायद्यात केवळ रेड नोटिशीवरून कोणाला पकडून दुसऱ्या देशाच्या हवाली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल मॅडमनी माझ्यासमोर ठेवला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या, मुलाच्या ताब्यावरून नवरा-बायकोत चाललेल्या वादात निघालेल्या नोटिशीचे ते प्रकरण होते. प्रत्यार्पण कायदा, १९६२ प्रमाणे परक्या देशाची विनंती यावी लागते, केंद्र सरकारने दंडाधिकाऱ्याकडे तात्पुरत्या अटकेचे वॉरंट मागावे लागते, आणि अटकेनंतर साठ दिवसांत प्रत्यार्पणाची रीतसर मागणी आली नाही तर त्या माणसाला मुक्त करावे लागते. शिवाय भारत आणि अमिराती यांच्यात १९९९ साली झालेल्या प्रत्यार्पण करारानुसार आपापले नागरिक एकमेकांना सोपवले जात नाहीत. तसा प्रसंग आल्यास खटला आपल्याच देशात चालवायचा असतो. हे ऐकून मी म्हणालो, म्हणजे मी घरी सुरक्षित आहे. त्या म्हणाल्या, "घरी आहात. पण विमानतळावर, बँकेत, पासपोर्टच्या खिडकीवर आणि नोकरीच्या अर्जात नाही. ते दुरुस्त करायचे असेल तर लियाँलाच लिहावे लागेल."

लियाँला इंटरपोलच्या फाइलींवर नियंत्रण ठेवणारा एक स्वतंत्र आयोग आहे, त्याला सीसीएफ म्हणतात. त्याचे सात सदस्य असतात आणि अर्जांचा निर्णय त्यांच्यातील पाच जणांचे मंडळ करते. मार्च २०१७ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत. सुनावणीसाठी फ्रान्सला जावे लागत नाही, सगळे काम लेखी आणि गोपनीय चालते. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबी यांपैकी एका भाषेत लागतो. आम्ही दोन टप्पे केले. पहिला अर्ज फक्त एवढाच, की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय नोंद आहे ते मला कळवा. मे २०२३ मध्ये तो गेला. सोबत माझी सही, पासपोर्टची प्रत, वकिलांना दिलेले मुखत्यारपत्र आणि जुन्या व नव्या गावाचा पत्ता एकच असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला भाषांतरासह जोडला. तो दाखला जोडावा असे मॅडमनी सुचवले, कारण पत्त्याच्या फरकावरून ओळखीची शंका निघाली असती, तर महिने वाया गेले असते. जूनमध्ये अर्ज दाखल करून घेतल्याचे पत्र आले. त्या दिवसापासून माहितीच्या अर्जाला चार महिन्यांची मुदत असते. ज्या देशाने माहिती दिली त्याची संमती नसेल तर आयोग ती उघड करीत नाही, म्हणून उत्तर कोरडे येईल अशी मनाची तयारी ठेवायला मला सांगण्यात आले होते.

सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आले आणि ते कोरडे नव्हते. माझ्या नावाची नोंद आहे, ती अमिरातीच्या विनंतीवरून आहे, वॉरंटचा क्रमांक आणि तारीख ही, आणि गुन्ह्याचे स्वरूप इंग्रजीत एका शब्दात : फसवणूक. तो शब्द मी किती वेळा वाचला याची गणती नाही. देणे राहिले हे खरे, परंतु मी कोणाला फसवले नव्हते.

वॉरंटचा क्रमांक हाती आल्यामुळे शारजातील वकिलाकडून मूळ प्रकरणाच्या नकला मिळवणे शक्य झाले. त्यासाठी त्यांना पाठवायच्या मुखत्यारपत्राचा प्रवास मात्र दमवणारा होता. अमिरातीने अपॉस्टिलचा, म्हणजे एका शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याचा, करार स्वीकारलेला नसल्याने तो सोपा शिक्का तेथे चालत नाही. लातूरचा नोटरी, मग राज्य सरकारचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का आणि पुन्हा तिकडे गेल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा शिक्का. पहिल्यांदा नोटरीच्या शिक्क्याची शाई पुसट उठल्यामुळे कागद परत आला आणि सगळे नव्याने करावे लागले. कोणाला हे करायचे असेल तर एकाच वेळी दोन मूळ प्रती तयार ठेवाव्यात.

नोव्हेंबरमध्ये अकरा पानांच्या अरबी नकला आल्या. अधिकृत भाषांतराला वेळ लागणार होता आणि माझ्याने थांबवत नव्हते. आमच्याकडचे एक वृद्ध मौलाना साहेब अरबी शिकवतात. वडील त्यांना ओळखत, कारण निजामाच्या काळातील उर्दू महसुली कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडेच जात. मी नकला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बोटाने ओळ दाखवत वाचले, 'शेक बिदून रसीद'. उर्दूतला आणि मराठीतलाही रसीद म्हणजे पावती एवढेच मला ठाऊक होते. मला वाटले, पावतीशिवाय चेक दिला असा आरोप आहे की काय! मौलाना साहेबांनी समजावले, की पावतीची रसीद फारसीतून आलेली आहे आणि ती 'सीन' या अक्षराने लिहितात. ही अरबी 'साद'ने लिहिलेली रसीद, म्हणजे खात्यातली शिल्लक. 'शिल्लक नसलेला चेक', एवढाच तो आरोप. मग त्यांनी अकराही पाने पुन्हा सावकाश वाचली आणि म्हणाले, "बेटा, फसवणुकीला अरबीत वेगळा शब्द आहे. तो यात कुठेच नाही."

पुढच्या अर्जाचा पाया त्या दुपारी घातला गेला. अधिकृत भाषांतरानेही तेच सांगितले. वॉरंट शिल्लक नसलेल्या चेकचे होते, आणि लियाँला कळवताना मात्र त्याचे नाव फसवणूक झाले होते. हे मुद्दाम झाले की भाषांतराच्या सवयीने झाले, हे मी सांगू शकत नाही, आणि आयोगालाही ते विचारावे लागले नाही.

नोंद रद्द करण्याचा दुसरा अर्ज मी स्वतः लिहून नेला होता. तो बावीस पानांचा होता. त्यात मुख्य कंत्राटदाराने बुडवलेली बिले होती, वडिलांचे आजारपण होते, बहिणीचे मोडलेले स्थळ होते, मी गरिबीतून कसा वर आलो तेही होते. मॅडमनी तो पूर्ण वाचला, आणि त्यातले जवळजवळ सगळे काढून टाकले. मला वाईट वाटले ते त्यांनी ओळखले. त्या म्हणाल्या, "तुम्ही निर्दोष आहात की नाही, हे आयोग ठरवतच नाही. तो साक्षी-पुरावे तोलत नाही. ही नोंद इंटरपोलच्या स्वतःच्या नियमांत बसते का, एवढे एकच तो पाहतो. आपण तेवढेच बोलायचे." या संपूर्ण प्रवासात मला शिकावी लागलेली सर्वांत अवघड गोष्ट ती होती. इतके दिवस मनात साठलेले गाऱ्हाणे ऐकून घेणारे ते ठिकाणच नव्हते, आणि हे जितक्या लवकर कळेल तितका अर्ज नेमका होतो.

राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कामात इंटरपोलने पडू नये असे तिच्या घटनेचे तिसरे कलम सांगते, आणि वर्तमानपत्रांत गाजणारी बरीच प्रकरणे त्या कलमाची असतात. आमच्या प्रकरणात राजकारणाचा लवलेश नव्हता, म्हणून ते कलम आम्ही लिहिलेसुद्धा नाही. आमचा आधार होता इंटरपोलच्या माहिती हाताळणीच्या नियमांतील कलम ८३. खटल्यासाठी हवी असलेली व्यक्ती असेल, तर त्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद हवी, असे ते कलम म्हणते. शिक्षेच्या त्या मर्यादेवर आम्ही भांडलो नाही. पण त्याच कलमात असेही आहे, की कौटुंबिक किंवा खासगी बाबींतून, प्रशासकीय नियमभंगातून अथवा खासगी व्यवहाराच्या वादातून उद्भवलेल्या गुन्ह्यांसाठी रेड नोटीस काढता येत नाही. गंभीर गुन्ह्याला साहाय्य किंवा संघटित गुन्हेगारीशी संबंध असेल तरच त्याला अपवाद. नऊ पानांच्या अर्जात आम्ही दाखवले, की हा दोन व्यापाऱ्यांमधील उधारीचा वाद आहे, चेक हमीचा होता, त्यापैकी सेहेचाळीस हजार दिरहम फेडल्याची पोच स्वतः तक्रारदाराने दिलेली आहे आणि तरीही चेकवर पूर्ण रक्कम लिहिली गेली. खाते मी बंद केले नव्हते आणि बँकेला चेक थांबवायलाही सांगितले नव्हते. हे महत्त्वाचे होते, कारण अमिरातीने स्वतः २ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलून निव्वळ शिल्लक अपुरी असणे हा फौजदारी गुन्हा ठेवलेला नाही. मुद्दाम खाते बंद करणे, चेक थांबवणे, खोटा चेक बनवणे अशा लबाडीच्या प्रकारांपुरताच तो आता उरला आहे. शेवटी आम्ही लिहिले, की माझा पत्ता भारतीय पोलिसांनी फेब्रुवारी २०२३ मध्येच प्रत्यक्ष पाहिला असताना माझ्या प्रत्यार्पणाची मागणी आजवर आलेली नाही. हा मुद्दा एकट्याने पुरेसा नाही, असे मॅडमनी मला आधीच बजावले होते.

अर्ज डिसेंबर २०२३ मध्ये गेला आणि जानेवारीत दाखल झाला. रद्द करण्याच्या अर्जाला नऊ महिन्यांची मुदत असते. निर्णय होईपर्यंत ही नोंद इतर देशांना दिसू नये अशी विनंतीही आम्ही केली होती, आणि एप्रिलमध्ये ती मान्य झाल्याचे कळले.

या काळातील दोन गोष्टी सांगायला हव्यात. माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाच्या पोलीस पडताळणीत प्रतिकूल शेरा पडला. पासपोर्ट कायद्याच्या ज्या कलमाखाली प्रलंबित खटल्यामुळे पासपोर्ट नाकारता येतो, ते कलम भारतातील फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याबद्दल बोलते. माझ्यावर भारतात खटलाच नव्हता. हे एका पानाच्या उत्तरात लिहून दिल्यावर तीन महिन्यांनी पासपोर्ट मिळाला. दुसरी गोष्ट वडिलांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. बोलणे अस्पष्ट झाले होते तरी ते रोज विचारीत, पत्र आले का. ते आयुष्यभर लातूरच्या मोंढ्यात एकाच आडतीवर माल घालत आले आणि वर्षअखेरीचा हिशेब त्यांनी कधी थकवला नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी ते मला म्हणाले, "नोटीस निघो न निघो, त्या माणसाचे राहिलेले दे." हे वाक्य मी अर्जात घातले नसते आणि मॅडमनी घालू दिले नसते. परंतु पुढचा व्यवहार मी त्याच्यामुळे केला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाचा निर्णय आला. नोंद इंटरपोलच्या नियमांशी सुसंगत नाही, ती फाइलींतून काढून टाकण्यात यावी, असा तो होता. आयोगाचा निर्णय इंटरपोलवर बंधनकारक असतो आणि त्याची अंमलबजावणी महिनाभरात करायची असते. त्याप्रमाणे ती झाल्याचे, आणि माझ्या नावावर आता कोणतीही नोंद नसल्याचे पत्र नोव्हेंबरमध्ये मिळाले. मी ते आईला मराठीत वाचून दाखवले. तिने ते वडिलांच्या फोटोपुढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मी ते तेथून उचलून लॅमिनेशन करून आणले.

पण शारजातील प्रकरण त्या पत्राने मिटले नव्हते. नोटीस गेली तरी वॉरंट तसेच राहते, ते काढणे इंटरपोलच्या हातात नाही. शिवाय १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारताने अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परस्पर मान्यता दिलेली आहे. तेथील दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लातूरच्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीला आणता येतो, आणि आमचे चार एकर त्यात सापडू शकले असते. मला ही तरतूद अन्यायाची वाटत नाही. उधारी वसूल करण्याचा तोच सरळ रस्ता होता आणि त्या पुरवठादाराने तोच धरायला हवा होता. नकला आल्यापासूनच मी वकिलामार्फत त्याच्याशी बोलणी सुरू केली होती. उरलेल्या बहात्तर हजारांची तडजोड साठ हजार दिरहमवर झाली. पुण्यातल्या नोकरीचे पैसे, आईचे दागिने आणि चुलतभावाकडून घेतलेली रक्कम यांतून डिसेंबरमध्ये मी ती पूर्ण फेडली. त्याने लेखी संमती दिली आणि फौजदारी प्रकरण बंद झाले. मूळ चेक कुरिअरने औशाला आला. रकमेच्या जागी दुसऱ्याचे अक्षर आणि खाली माझी सही आहे.

मग जानेवारी २०२५ मध्ये मी पुन्हा मुंबईच्या विमानतळावर गेलो आणि पुन्हा अडवला गेलो, यावेळी देशातून बाहेर पडताना. आपल्या इमिग्रेशनच्या यंत्रणेत लूकआउट सर्क्युलर, म्हणजे एखाद्याला विमानतळावर किंवा सीमेवर अडवण्याची सूचना, वेगळे असते. गृहमंत्रालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या सूचनांनुसार, ज्याने ते काढायला सांगितले त्याने मागे घ्यायला सांगेपर्यंत ते आपोआप संपत नाही. लियाँची नोंद पुसली गेली, परंतु तिच्या आधारे येथे उघडलेले सर्क्युलर पुसायला कोणी सांगितले नव्हते. मी आयोगाचे पत्र दाखवले. अधिकारी सौजन्याने वागले, पण पडद्यावर जे आहे तेच त्यांना पाळावे लागते. आम्ही दिल्लीला संबंधित कार्यालयांकडे सर्व कागदांसह निवेदने पाठवली. महिनाभरात उत्तर आले नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका दाखल केली. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलेले आहे. आमची याचिका तेवढ्याच पायावर होती आणि सोबत दोन पत्रे : लियाँचे आणि शारजाचे. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी सर्क्युलर मागे घेतल्याचे निवेदन केले आणि याचिका निकाली निघाली. तो एप्रिलचा महिना होता. आमच्यासाठी न्यायालयाची सात-आठ मिनिटे खर्ची पडली असतील, पण त्या दिवशी खंडपीठाच्या आवारातून बाहेर येताना दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर जेवावेसे वाटले.

जून २०२५ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलो आणि परत आलो. दोन्ही वेळा शिक्का लगेच पडला. आयोगाच्या पत्राची आणि शारजाच्या प्रकरण-बंद दाखल्याची प्रत पासपोर्टच्या पाकिटात असतेच. ज्या देशाने मला २०२३ मध्ये परत पाठवले, त्याच्या स्वतःच्या यंत्रणेत तेव्हाची नोंद अजून असू शकते, कारण इंटरपोलने आपली नोंद पुसली तरी प्रत्येक देशाने उतरवून घेतलेली प्रत त्या देशालाच पुसावी लागते. त्यांच्या दिल्लीतील दूतावासाला मी जुलैमध्ये पत्र लिहिले आणि सप्टेंबरमध्ये स्मरणपत्र पाठवले. उत्तर यायचे आहे. तोपर्यंत मी त्या देशावरून जाणारे विमान घेत नाही.